दाढेची गोळी आणि पोटातला लव्हाळा

दाढ दुखत होती, एवढंच झालं होतं. खालची, डावीकडची, शेवटून दुसरी. दीड वर्षापूर्वी हीच दाढ ठणकली तेव्हा डेंटिस्ट म्हणाले होते रूट कॅनल करून घ्या, आणि सूज उतरावी म्हणून क्लिंडामायसिन लिहून दिलं होतं, कारण लहानपणी पेनिसिलिनच्या इंजेक्शननं माझ्या अंगभर गांधी उठल्या होत्या आणि तेव्हापासून आई कुठल्याही डॉक्टरकडं गेलं की नावाआधी ते सांगते. गोळ्यांनी दाढ थांबली. दाढ थांबल्यावर रूट कॅनल कोण करून घेतंय. रिकामी स्ट्रिप मात्र पाकिटात जपून ठेवली, लायसनच्या मागं. मधे एकदा परत दुखली तेव्हा तीच दाखवून गोळ्या आणल्या आणि २०२३ च्या फेब्रुवारीत तिसऱ्यांदा. स्ट्रिपवर एक लाल उभी रेघ असते, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय हे घेऊ नका म्हणून, ती मी तोवर कंपनीचं डिझाईन समजत होतो. मेडिकलवाला ओळखीचा. त्यानं एकच प्रश्न विचारला, "किती देऊ?"

माझं कोल्हापुरात उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे, लोखंडी पार्ट कापायची दोन सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं, आणि एक जुना लेथ. मार्च एंड जवळ आला की पार्ट्यांचे फोन सुरू होतात, त्यामुळं दाढेसाठी सुट्टी काढून खुर्चीत आडवं पडायचं वगैरे डोक्यातच नव्हतं. दिवसाला तीन गोळ्या, पाच दिवस, आणि गोळ्यांनी पित्त होऊ नये म्हणून सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल, ते तर मी वर्षभर घेतच होतो, शेंगदाण्यासारखं.

सहाव्या दिवशी पोट सुटलं.

आदल्या दिवशी मिसळ खाल्ली होती, म्हणून सगळा आरोप मिसळीवर. कोल्हापुरात पोट बिघडलं की आरोपी ठरलेलेच, कट नायतर तांबडा. दोन दिवस दहीभात खाल्ला, फरक नाही. चार वेळा जायचं ते आठ वेळा झालं. मग मेडिकलमधून लोपेरामाईड आणलं, जुलाब बांधायची गोळी, ती घेतल्यावर दिवसभर जाणं थांबलं आणि मी खूश, पण रात्री पोट ढोलासारखं फुगलं आणि खाली डावीकडं अशा कळा यायला लागल्या की मी बाथरूमच्या दारालाच टेकून बसलो. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की ह्या आजारात ती गोळी घेणं म्हणजे मोरी तुंबलेली असताना जाळीवर फरशी ठेवणं, आत जे विष तयार होतंय ते बाहेर जायचं तेवढं थांबतं.

गल्लीतल्या डॉक्टरांकडं गेलो. अंगात थोडा ताप होता, त्यांनी रक्त तपासायला पाठवलं, त्यात विडाल टेस्ट, रिपोर्ट आला १:८०. "थोडा टायफॉइड दिसतोय." हे थोडा टायफॉइड प्रकरण आपल्याकडं घरोघरी झालेलं असतं, आमच्या घरात माझ्या आधी तिघांना झालेलं. आता मला माहीत आहे की १:८० एवढं आपल्या भागात धडधाकट माणसाच्या रक्तातही निघू शकतं, आधी कधी होऊन गेलेला किंवा लस घेतलेली असली तरी ती टेस्ट वर जाते, आणि खरा टायफॉइड पकडायचा तर गोळी सुरू करायच्या आधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं, करायला लागतं. तेव्हा मला काय माहीत. सेफिक्झिम सुरू झालं. म्हणजे दाढेसाठी एक अँटिबायोटिक, त्यानं पोट बिघडलं, आणि पोटासाठी दुसरं अँटिबायोटिक.

पुढचे चार दिवस लिहिण्यासारखे नाहीत पण थोडं लिहितो, कारण हे कुणी सांगत नाही. दिवसाला चौदा-पंधरा वेळा. पाण्यासारखं, शेंबडासारखी बुळबुळ, रक्त दिसलं नाही, पण वास. तो वास मला ओळखीचा होता आणि कुठला ते दोन दिवस आठवत नव्हतं. मग आठवलं, कूलंट, म्हणजे कापताना टूल आणि जॉब (कापायचा पार्ट) थंड ठेवायला मशीनमध्ये सोडतात ते पाणी. मशीन चार दिवस बंद राहिलं की टाकीत कूलंटवर तेलाचा तवंग धरतो, खाली हवा जात नाही, आणि बिनहवेचे जंतू वाढून झाकण उघडल्यावर जो भपकारा येतो, त्याचाच कुणीतरी भाऊ. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, निदान इथं तरी वर्कशॉप नको."

ओआरएस चालू होतं पण तेही चुकीचं. पुडीवर स्पष्ट लिहिलेलं असतं एक लिटर पाण्यात, आणि मी अख्खी पुडी एका पेल्यात ढवळून पित होतो, घट्ट केलं की जास्त ताकद येईल असा हिशोब. तसं केल्यानं मीठ-साखर आतड्यातच पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात.

वर्कशॉपच्या संडासातून बाहेर आलो आणि डोळ्यांपुढं अंधारी येऊन लेथच्या बाजूला बसलोच. पोरांनी घरी फोन केला. बायकोचा भाऊ आला, मला बघून म्हणाला, "दाजी, लई वाळलायसा की हो, आता आमचं ऐका," आणि रिक्षात घालून थेट पोटाच्या डॉक्टरांकडं.

ह्या डॉक्टरांनी पोट दाबून बघायच्या आधी एकच विचारलं, गेल्या दोन-तीन महिन्यांत कुठलं अँटिबायोटिक घेतलंय का. मी म्हटलं नाही, हे सेफिक्झिम सोडून काही नाही. आणि हे मी खोटं बोलत नव्हतो, माझ्या डोक्यात दाढेची गोळी ही दाढेची गोळी होती, ती दाढेत जाते, पोटाशी तिचा काय संबंध. बायको शेजारून म्हणाली, "दाखवा की ती स्ट्रिप." पाकिटातून लायसनच्या मागची स्ट्रिप काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती उलटी करून नाव वाचलं आणि एवढंच म्हणाले, "हं."

ॲडमिट केलं. सलाईन, पोटॅशियम कमी झालेलं म्हणून ते, आणि पहिलं काम म्हणजे सगळं बंद, सेफिक्झिम बंद, लोपेरामाईड बंद, पॅन्टोप्राझोलची खरंच गरज आहे का विचारून तेही बंद. पांढऱ्या पेशी वाढून तेरा हजार आठशे. आणि संडासाची तपासणी. त्याचा नियम गमतीदार आहे, सॅम्पल पातळच पाहिजे, डबीत ओतल्यावर डबीचा आकार घेईल असं. बांधीव असेल तर लॅब परतच पाठवते, कारण हा जंतू काही माणसांच्या पोटात काहीही त्रास न देता नुसता राहत असतो, मग टेस्ट पॉझिटिव्ह येते आणि आजार नसताना उपचार सुरू होतात. माझ्या सॅम्पलला त्या बाबतीत काही अडचण नव्हती. त्यात दोन गोष्टी बघतात, जंतू आहे का आणि तो विष सोडतोय का. दोन्ही पॉझिटिव्ह.

नाव क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसाईल. सी डिफ म्हणतात. डिफिसाईल म्हणजे अवघड, कारण १९३५ मध्ये तो पहिल्यांदा तान्ह्या बाळांच्या शीत सापडला तेव्हा लॅबमध्ये वाढवायला फार अवघड गेला, हवा लागली की मरतो म्हणून. गंमत म्हणजे त्या बाळांना काहीच झालं नव्हतं. पुढं १९७० च्या दशकात क्लिंडामायसिन घेतलेल्या पेशंटना भयंकर जुलाब व्हायला लागले, आतड्याला आतून पिवळट-पांढरे पापुद्रे धरलेले दिसायचे, आणि १९७८ मध्ये कळलं की करणारा हाच. म्हणजे मी ज्या गोळीनं आजारी पडलो ती ह्या आजाराची जवळजवळ पहिली ओळख होती, आणि मी ती स्ट्रिप दाखवून मागून आणली होती. क्लिंडामायसिनच नाही, डॉक्टर म्हणाले, सेफिक्झिमच्या घराण्यातली औषधं, ऑफ्लॉक्सासिन-लिव्होफ्लॉक्सासिनची औषधं, ॲमॉक्सिक्लॅव्ह, बहुतेक कुठल्याही अँटिबायोटिकनं होऊ शकतं, काहींनी जास्त. आतड्यात कोट्यवधी जंतू आपले म्हणून राहत असतात, ते असेपर्यंत ह्याला पाय पसरायला जागा मिळत नाही. गोळीनं ते साफ झाले की मैदान मोकळं.

आणि उपाय काय? तर अजून एक अँटिबायोटिक. मी डॉक्टरांच्या तोंडाकडं बघतच राहिलो.

व्हॅन्कोमायसिन. १२५ मिलिग्राम, दिवसातून चार वेळा, दहा दिवस, तोंडानं. हे औषध तोंडानं घेतलं तर आतड्यातून रक्तात जवळजवळ जातच नाही, आतल्या आत राहतं आणि तसंच बाहेर पडतं. एरवी हा दोष, म्हणूनच इतर इन्फेक्शनला ते शिरेतून देतात. पण शिरेतून दिलं तर आतड्याच्या आत पुरेसं उतरत नाही, म्हणून ह्या आजाराला ते प्यायलाच लागतं. हे मला एका फटक्यात कळलं, कारण आमच्याकडं कूलंटचा नोझल टूलच्या टोकावर नसला तर टाकी कितीही भरलेली असू दे, जॉब जळतोच.

कॅप्सूल त्या दिवशी चार मेडिकल फिरून मिळाली नाही. मग डॉक्टरांनी सांगितलं इंजेक्शनच्या ५०० मिलिग्रामच्या बाटल्या आणा, तेच पाण्यात विरघळवून प्यायचं. मेव्हणा गेला. मेडिकलवाला म्हणाला, दहा व्हायल? शिरेतून द्यायची असतात, देणार कोण? मेव्हणा म्हणाला, "देत न्हाईत, पेणार हाईत." त्यानं म्हणे चिठ्ठी दोनदा वाचली आणि डॉक्टरांना फोन लावून खात्री केली. चिडायचं कारण नाही, मला तर तो माणूस आवडला, माझ्या ओळखीच्यानं फेब्रुवारीत एवढं केलं असतं तर.

नर्सनं बायकोला शिकवलं, एका बाटलीत १० मिली स्टराइल पाणी, हलवायचं, फ्रीजमध्ये ठेवायचं, सुई काढलेल्या सिरींजनं अडीच मिली काढून द्यायचं, एक बाटली एक दिवस. (हा माझा डोस, माझ्या डॉक्टरांनी सांगितलेला. कुणी हे वाचून मेडिकलला जाऊ नका, माझी स्ट्रिपची गोष्ट वर आहेच.) चव एवढी कडू की कोकम सरबतात घालूनही कडूच. फ्रीजमध्ये लोणच्याच्या बरणीशेजारी ती बाटली बघून आई रोज विचारायची, "हे इंजेक्शन हाय न्हवं, मग पितोस कशाला?" कॉटवर पडून मोबाईलवर वाचलं की हे औषध १९५० च्या दशकात बोर्निओच्या जंगलातून एका मिशनऱ्यानं पाठवलेल्या मातीत सापडलं, आणि सुरवातीचा माल एवढा गढूळ तपकिरी असायचा की त्याला मिसिसिपीचा चिखल म्हणायचे. माझं तरी पाण्यासारखं स्वच्छ होतं.

तिसऱ्या दिवशी चौदाचे सहा झाले. पाचव्या दिवशी मी सलग चार तास झोपलो, ही केवढी गोष्ट आहे ते ज्याला झालंय त्यालाच कळेल.

घरी आल्यावर संडासाचा प्रश्न. आमचं घर जुनं, मंगळवार पेठेतलं, खाली एक संडास आणि वर भाडेकरूंचा एक. आई एकाहत्तर वर्षांची, आणि हा आजार म्हाताऱ्या माणसाला धरला तर फार वाईट. भाडेकरूंना विनंती केली, ते चांगले, त्यांनी आईला वरचा वापरू दिला, फक्त तिला जिना. कोविडपासून घरात सॅनिटायझरचा पाच लिटरचा कॅन पडून होता, मी म्हटलं आता कामाला येईल, तर तोही निरुपयोगी. हा जंतू बाहेर हवेत मरतो खरा पण मरायच्या आधी स्वतःभोवती टणक कवच करून बीज होऊन बसतो, स्पोअर, आणि त्या बिजाला अल्कोहोलचं काही वाटत नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात चोळून धुवायचे, म्हणजे ते मरत नाहीत, धुवून जातात. आणि भांडं, नळ, कडी, स्विच हे ब्लीचच्या पाण्यानं पुसायचं. बायकोनं महिनाभर केलं ते. तिच्या हाताची सालं निघाली. ह्याबद्दल मी तिला काय बोललो ते इथं लिहीत नाही, पण पुरेसं बोललो नाही एवढं खरं.

दहा दिवस संपले. सात किलो कमी झालेलो. डॉक्टर म्हणाले परत टेस्ट करू नका, बरं झाल्यावरही पॉझिटिव्ह येऊ शकते, त्रास नाही म्हणजे नाही. आणि हेही म्हणाले की पाचातल्या एखाद्याला परत होतं. मला वाटलं चार लोक असतील की दुसरीकडं.

बाराव्या दिवशी परत तोच वास.

ह्या वेळी मी खरं सांगतो, रडलो. मार्चची बिलं अडकलेली, एक मशीन बंद, पोरं माझ्या तोंडाकडं बघतायत, आणि मी परत कमोडवर. त्यात नातेवाईक. कुणी डाळिंबाची साल उकळून आणली, कुणी म्हणालं अँटिबायोटिकनंच वाट लावली तर परत तेच कसलं घेतोस, बंद कर सगळं. ह्यातला दुसरा मुद्दा मला पटायला लागला होता.

तेवढ्यात सासरे भेटायला आले, मामा. प्रयाग चिखलीला शेती, नदीकाठची. मामांना जंतू-बिंतू काही सांगत बसलो नाही, एवढंच म्हटलं की औषध घेतलं की जातोय आणि बंद केलं की येतोय, बीज राहतंय म्हणे आत. मामा तंबाखू मळत म्हणाले, "लव्हाळा हाय तो."

मग त्यांनी सांगितलं. २०१९ च्या ऑगस्टला पुराचं पाणी त्यांच्या उसात दिवसच्या दिवस उभं होतं, आख्खा फड कुजून गेला. पाणी ओसरल्यावर काळ्या गाळात पहिलं हिरवं काय दिसलं तर लव्हाळा. महापुरात झाडं जातात आणि लव्हाळा वाचतो हे आपण शाळेपासून ऐकतोय, आपल्याला ते नम्रतेचं वगैरे वाटतं, शेतकऱ्याला ते संकट असतं. "तणनाशक मारलं की वरचा पाला जळतोय. खालची गाठ जित्तीच. गाठ झोपल्याली असती तवर तिला कायबी लागत न्हाई. तिला उगवू द्याचं. पाला फुटला की हाणायचं. परत उगवू द्याचं, परत हाणायचं. आनि मधल्या टायमाला दुसरं पीक दाट करायचं, सावली पडली की लव्हाळा मरतोय."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी जो कोर्स लिहिला तो बघून मी मोठ्यानं हसलो. व्हॅन्कोमायसिनच, पण दहा दिवसांत एकदम बंद नाही. दोन आठवडे दिवसातून चार वेळा, मग आठवडाभर दोन वेळा, मग आठवडाभर एकदा, आणि मग एक दिवसाआड, मग दोन दिवस सोडून, असं करत काही आठवडे. मी विचारलं मधले दिवस मोकळे कशाला. तर म्हणाले औषध स्पोअरला मारू शकत नाही, स्पोअर फुटून जंतू बाहेर आला की मारतं, म्हणून त्यांना फुटायला वेळ द्यायचा आणि पुढच्या डोसला पकडायचं, आणि त्या मोकळ्या दिवसांत तुमचे स्वतःचे जंतू हळूहळू परत येतात. मी म्हटलं सावली पडते. त्यांना कळलं नाही, मग लव्हाळ्याचं सगळं सांगितलं, बाहेर पेशंट ताटकळत होते तरी त्यांनी ऐकून घेतलं.

ह्यानंही नाही गेलं तर? तर म्हणाले फिडाक्सोमायसिन म्हणून औषध आहे, आणि शेवटचा उपाय म्हणजे निरोगी माणसाची शी तपासून, गाळून, आजारी माणसाच्या आतड्यात सोडतात. मी म्हटलं चेष्टा करताय. नाही, १९५८ मध्ये अमेरिकेत चार पेशंटवर करून झालंय, आणि २०१३ मध्ये नेदरलँड्समध्ये वारंवार होणाऱ्या पेशंटवर रीतसर ट्रायल झाली, त्यात नुसत्या व्हॅन्कोमायसिनपेक्षा ते एवढं सरस ठरलं की ट्रायल मधेच थांबवायला लागली. घरी येऊन हे सांगितल्यावर मेव्हणा म्हणाला, "दाजी, काय लागलं तर सांगा, आपण कधी न्हाई म्हटलंय का." तेवढी वेळ आली नाही.

ताक पिऊ का हे मात्र मी दोनदा विचारलं. उत्तर असं की प्या, आवडतं म्हणून प्या, औषध म्हणून भरवसा ठेवू नका. प्रोबायोटिकच्या महागड्या कॅप्सूलबद्दलही साधारण हेच. जेवण मात्र हळूहळू वाढवा, नुसत्या साबुदाण्याच्या खिरीवर राहू नका, भाज्या, डाळी, केळी. गंगावेशीतलं धारोष्ण दूध काही महिने नको म्हणाले, आतडं सोलून निघालेलं असताना दूध पचायला जड जातं. ते मला सगळ्यात अवघड गेलं.

बायकोनं कालनिर्णयच्या पानांवर डोस मांडले, घेतला की टिक, मोकळा दिवस असेल तिथं गोल. मे संपेपर्यंत टिका कमी आणि गोल जास्त होत गेले. जूनच्या पहिल्या आठवड्यात शेवटची टिक. पुढचे आठ आठवडे जरा पोट गुडगुडलं तरी मी वास घेत बसायचो, शब्दशः. काही झालं नाही. ऑगस्टमध्ये पांढरा रस्सा प्यायलो, तांबडा फक्त बोट बुडवून.

आणि दाढ होतीच. सप्टेंबरात परत ठणकली. ह्या वेळी आईला घेऊनच डेंटिस्टकडं गेलो, म्हणजे ती स्वतःहून आली. डेंटिस्टना सगळी कथा सांगितली आणि घाबरत विचारलं, आता गोळी कुठली? ते म्हणाले, कुठलीच नाही. ताप नाही, गालावर सूज पसरलेली नाही, घाण दाढेच्या मुळाच्या नळीत आहे. आतली नस मेली आहे, तिथं रक्तच जात नाही, मग रक्तातून येणारी गोळी तिथं पोचणार कशी, नळी उघडून साफ करायला लागणार. मी खुर्चीत आडवा, तोंड उघडं, त्यामुळं काही बोलता आलं नाही. तीन सिटिंग, एक कॅप, पेनकिलरच्या दोन गोळ्या.

बाहेर आलो तर आई काउंटरवरच्या मुलीला माझी फाईल उघडायला लावून उभी होती, "पेनिसिलिन लिवलंयस न्हवं? त्याच्या खाली आता अजून एक लिव बाई. थांब, नाव अवघड हाय, ह्येलाच इचार."